थकलेल्या पायांची शर्यत

आमच्या दवाखान्यात रोज संध्याकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी दोन-चार मुले येतातच. तक्रार ठरलेली. "डॉक्टर, पोटऱ्या धरल्यात. एखादी गोळी द्या, उद्या परत पळायचं हाय." अशा वेळी मी त्यांना चांगलेच सुनावतो. दुखणे म्हणजे शरीराने मारलेली हाक, ती गोळीने दाबू नकोस, चार दिवस थांब, असे सांगतो. गेल्या महिन्यात त्यांतला एकजण धिटाईने म्हणाला, "मग डॉक्टर, गोव्याला तुम्ही काय केलासा?"

बाकावर बसलेली मंडळी हसली, मीही हसलो. पण पोराचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आज या सदरात देत आहे. डॉक्टरने स्वतःची चूक चारचौघांत सांगावी, हे काहींना रुचणार नाही. परंतु दुसऱ्याच्या चुकीवरून उपदेश करण्यापेक्षा ते बरे.

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी एकापाठोपाठ एक, मध्ये न थांबता करायच्या, या स्पर्धेला ट्रायथलॉन म्हणतात. त्यातली सर्वांत प्रसिद्ध लांब पल्ल्याची 'आयर्नमॅन' स्पर्धा १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झाली. त्या पहिल्या वेळी अवघे १५ जण उतरले होते आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटर धावणे असा तिचा पल्ला. त्याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा २०१९ पासून गोव्यात पणजीला होऊ लागली. तिन्ही अंतरांची बेरीज ७०.३ मैल भरते, म्हणून तिच्या नावात तो आकडा आहे. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचची पूर्ण स्पर्धा पार केली, तेव्हापासून आपल्याकडच्या मध्यमवयीन मंडळींत हे वेड वाढले. कोल्हापूरकरांनी तर ते मनावरच घेतले. मीही त्यांतलाच एक.

२०२३ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील बसेल्टन येथे पूर्ण अंतराची स्पर्धा करायची, असा माझा बेत होता. वय ५४. ऑक्टोबर म्हणजे सरावाचा सर्वांत जड महिना. पहाटे राजाराम तलावात पोहणे, रविवारी पन्हाळ्याचा चढ सायकलने दोनदा, मधल्या वारी धावणे. आठवड्याला १५-१६ तास होत होते. त्यातच ८ ऑक्टोबरची गोव्याची स्पर्धा आली. मी मनाशी म्हटले, ही काही आपली मुख्य स्पर्धा नव्हे, सराव न थांबवता मधल्या मध्ये उरकून टाकू.

वही सांगत होती

मी सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, नाडी मोजून वहीत लिहितो. एरवी मिनिटाला ५२ असे. स्पर्धेच्या आदल्या दहा दिवसांत ती ५६, ५९, ६१ अशी चढत गेली. तेव्हा डेंग्यूची साथ होती, दवाखाना रात्री अकरापर्यंत चाले, झोप जेमतेम पाच तास. जेवणावरची वासना गेली होती. कंपाउंडरवर विनाकारण ओरडत होतो. पत्नी म्हणाली, "अहो, तुमचा चेहरा उतरलाय. या वेळी नका जाऊ." मी म्हणालो, "पैसे भरलेत."

एखाद्या रुग्णाने हीच लक्षणे सांगितली असती तर मी त्याला घरी बसवले असते. पण आठ दिवस आधी १५० किलोमीटर सायकल आणि तीन दिवस आधी २४ किलोमीटर धावणे करूनच मी पणजीला पोहोचलो.

पोहणे नीट झाले, कारण पाण्यात पायांना फारसे काम नसते. सायकलवर साठाव्या किलोमीटरनंतर मांड्या शिशासारख्या जड झाल्या. समुद्रकाठची दमट हवा, डोक्यावर ऑक्टोबरचे ऊन. सायकल ठेवून धावायला निघताना मी पिशवीतून वेदनाशामक गोळी काढली आणि घेतली. दहाव्या किलोमीटरला दुसरी. ज्या गोळीसाठी मी पोरांना रागावतो, तीच. पुढचे अर्धे अंतर गोळे येत, चालत, पुन्हा पळत काढले. वेळेची मर्यादा साडेआठ तासांची होती. मी आठ तास दहा मिनिटांत पोहोचलो. गळ्यात पदक पडले, फोटो निघाले.

त्या रात्री लघवीला झाली ती बिनदुधाच्या चहासारखी. पाणी कमी पडले असेल, अशी मी समजूत करून घेतली. दुसऱ्या दिवशी घाट चढून घरी येईपर्यंत ती आणखी गडद आणि अगदी थोडी होत होती. मांड्या सुजून दगडासारख्या झालेल्या. तेव्हा मात्र माझे डोळे उघडले. माझा एक वर्गमित्र फिजिशियन आहे, त्याच्याकडे गेलो. रक्तातील सीपीके हा स्नायूंमधला घटक पुरुषांत साधारण २०० च्या आत असतो. लांब शर्यतीनंतर तो काही हजारांवर जाणे नवलाचे नाही. माझा ४६ हजार होता. क्रिएटिनिन २.४. मित्र रिपोर्ट बघून एवढेच म्हणाला, "अरे, हे तू दुसऱ्या कुणाचं बघितलं असतंस तर काय बोलला असतास?"

पाच दिवस सलाईन चालू होते. डायलिसिस लागले नाही, हे माझे नशीब. मूत्रपिंडाचे काम पूर्ववत व्हायला दीड महिना लागला. बसेल्टनचे तिकीट रद्द केले.

शरीरात काय घडते?

व्यायामाने ताकद वाढते, असे आपण म्हणतो. खरे तर व्यायामाने स्नायू थकतात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि त्यांतला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, संपत येतो. हा साठा पूर्ण भरायला एक ते दोन दिवस लागतात आणि तंतूंची डागडुजी व्हायला त्याहून अधिक. ताकद वाढते ती या डागडुजीत, म्हणजे विश्रांतीत. सरावात थोडा थकवा हवाच, थकलेल्या पायांवर धावण्याची सवयही या खेळात मुद्दाम करावी लागते. परंतु तो थकवा मोजूनमापून दिलेला असतो. स्पर्धेत माप हातात राहत नाही. शेजारचा पुढे जातो, लोक टाळ्या वाजवतात आणि माणूस थांबत नाही.

आधीच इजा झालेल्या स्नायूंवर असा ताण पडला, त्यात ऊन आणि पाण्याची तूट, की तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात. त्यांतले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाला इजा करते. लघवी काळपट होते ती त्यामुळे. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरणारी काही रसायने असतात. वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच कमी करतात. मी दोन्ही बाजूंनी मार दिला होता.

हे लक्षात ठेवा

१) सकाळची नाडी लिहून ठेवा. नेहमीपेक्षा पाच-सात ठोके जास्त सलग दोन-तीन दिवस लागले, झोप उडाली, भूक मेली, चिडचिड वाढली, तर सराव कमी करा. ताप असेल तर पूर्ण बंद.

२) मुख्य स्पर्धेच्या आधी दोन आठवडे सरावाचे अंतर हळूहळू निम्म्यावर आणा. वेग थोडा राहू द्या. या दिवसांत 'आपण मागे पडतोय' असे वाटते. तसे होत नाही.

३) जड सरावाच्या काळात एखादी स्पर्धा करायचीच असेल, तर आधीचे तीन-चार दिवस हलके ठेवा. ती सराव म्हणूनच करा, घड्याळाशी झुंजू नका. कुठे थांबायचे ते आदल्या दिवशी घरच्यांना सांगून ठेवा. स्पर्धेच्या भरात ते ठरवता येत नाही.

४) शर्यतीपूर्वी किंवा शर्यतीत वेदनाशामक गोळी घेऊ नका. गोळी घेतल्याशिवाय धावता येत नसेल, तर त्या दिवशी धावू नये.

५) तहान लागेल तसे प्या. तासन्तास नुसते पाणी भरमसाट प्यायल्याने रक्तातील सोडियम घटते. डोकेदुखी, उलट्या, बरळणे अशी लक्षणे दिसली तर ताबडतोब रुग्णालयात न्या.

६) शर्यतीनंतर लघवी काळपट किंवा फारच कमी झाली, स्नायू सुजून कडक झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. माझ्यासारखी रात्र घालवू नका.

७) चाळिशीनंतर असा सराव सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्या.

आमच्या लहानपणी गल्लीतल्या तालमीत एक वस्ताद होते. शाळा तिसरीपर्यंत. मोठी कुस्ती ठरली की आठ-दहा दिवस आधी ते पैलवानाच्या जोर-बैठका कमी करायचे. मालीश, खुराक आणि दुपारची झोप. एखादा पोरगा चोरून मेहनत करताना सापडला तर पाठीत रट्टा बसायचा. "ताकद मैदानात लागती, हितं नाही," असे म्हणायचे. मी एमबीबीएस झालो, तीस वर्षे दवाखाना चालवला, पण हा धडा मला पाच दिवस सलाईनवर पडून पुन्हा शिकावा लागला.

पुढच्या वर्षी मी गोव्याला पुन्हा गेलो. आधी दोन आठवडे सराव निम्म्यावर आणला, आदल्या रात्री आठ तास झोपलो, पिशवीत गोळी ठेवली नाही. पोहोचायला सात तास आणि काही मिनिटे लागली. सरावाचे तास आधीच्या वर्षापेक्षा कमीच होते.

त्या भरतीच्या पोराला मी हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मग डॉक्टर, गोळी देत नाही म्हणा की." नाही दिली. चार दिवस थांब म्हणालो. या वेळी तो थांबला.