ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतंय? डिस्क बदलण्याआधी हे तपासा

अहिल्यानगर : समृद्धी महामार्गावरून ताशी १२० च्या वेगाने आलेली गाडी शिर्डीला खाली उतरताना ब्रेक दाबला की हातातलं स्टेअरिंग थरथरायला लागतं, पाय ठेवलेला पेडल धडधडतो. गावाच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात याच गाडीला काहीच होत नाही. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तेव्हापासून कोपरगाव, राहात्याकडच्या घरच्या गाड्याही शंभरच्या वर पळू लागल्या आणि कमी वेगात झाकून राहणारा दोष उघडा पडू लागला.

कारण साधं आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेकला पचवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. ती सगळी डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. महागडी स्पोर्ट्स कार असो नाहीतर कांदा वाहणारी पिकअप, हिशोब तोच. करंजी घाट किंवा चंदनापुरी घाट भरल्या गाडीने ब्रेकवर उतरला तरी डिस्क तशीच तापते.

गॅरेजात गेलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, "डिस्क वाकली, बदलावी लागेल." पण लोखंडी डिस्क तापून वाकण्याचे प्रकार लोक समजतात तेवढे होत नाहीत. बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे एक-दोन भाग फरक पडला तरी पायाला धक्के कळू शकतात. एवढा फरक डोळ्याला दिसणार कुठून?

हा फरक पडतो कसा? एक म्हणजे, तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केली की पॅडचा मसाला त्या जागी चिकटतो. टोलनाक्यावर किंवा घाटाखाली चहाला थांबताना पाय ब्रेकवरच ठेवायची सवय इथे महागात पडते. दुसरं, डिस्क हबवर सरळ बसलेली नसते. ती किंचित डुलत फिरते, प्रत्येक फेऱ्यात पॅडला एका जागी घासते आणि हजारो किलोमीटरनंतर तिथे झिजते. म्हणून तर नवी डिस्क टाकल्यावर काही महिने गाडी मऊ चालते आणि मग पुन्हा तेच सुरू होतं. मालक डिस्कच्या कंपनीला शिव्या देतो, दोष मात्र हबवरच्या गंजाचा असतो. तिसरं, दिवाळी ते उन्हाळा शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्या. पॅडखालची जागा आणि उघडी जागा वेगवेगळी गंजते, त्याचा डाग राहतो.

तपासणीची सुरुवात पान्याने नको, गाडी चालवून करावी. मागेपुढे कोणी नाही असा सरळ रस्ता बघावा. ब्रेक न दाबताच गाडी थरथरत असेल तर ब्रेकला दोष देऊ नये. चाकाचं बॅलन्सिंग, टायरला आलेला फुगा हे आधी बघावं. आपल्याकडे आणखी एक गंमत असते, शेतातून आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतून काळी माती वाळून बसते आणि चाक एका बाजूला जड होतं. ते खरवडून धुतल्यावर काही गाड्या तिथेच बऱ्या होतात.

फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथर असेल आणि ती स्टेअरिंगमध्ये जास्त जाणवत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीटखाली आणि पेडलमध्ये जास्त असेल तर मागे. खात्री करायची तर तीसच्या आसपास वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढावा. बहुतेक गाड्यांत तो मागच्याच ब्रेकवर चालतो. तेव्हा धक्के आले तर मागचा ड्रम अंडाकृती झाला असण्याची शक्यता मोठी. आणखी एक खूण म्हणजे धक्क्यांचा वेग गाडीच्या वेगाबरोबर कमी होतो. पिकअपसारख्या गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण दोन मीटर जातं, म्हणजे साठच्या वेगात सेकंदाला आठ-नऊ फेरे. धक्के तेवढ्याच ठेक्यात येतात.

जोरात ब्रेक मारल्यावर किंवा खडीवर चाक घसरताना पेडल कडकड करत असेल तर ते एबीएसचं काम आहे, बिघाड नव्हे.

यानंतर चाक खोलावं. नट परत लावून डिस्क हबवर घट्ट धरावी, डायल गेज लावून हाताने फिरवावी. डोलणं साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत हवं, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात मिळतो. गॅरेजात गेज नसेल तर लेथवाल्याकडे चौकशी करावी. जाडी मायक्रोमीटरने सात-आठ जागी मोजावी. डोलणं जास्त निघालं तर लगेच नवी डिस्क आणू नये. डिस्क काढून हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करावा, डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवावी आणि पुन्हा मोजावी. कित्येकदा एवढ्यावर काम भागतं. कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना जाम आहेत का, हेही त्याच वेळी बघून घ्यावं.

मोठा गुन्हेगार मात्र हवेची गन. पंक्चरवाला एकच नट आधी कचकचून आवळतो आणि डिस्क तिरकी बसते. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत हाताने आवळावेत. शेवटी टॉर्क पान्याने.

डिस्क लेथवर साफ करता येते, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाता कामा नये. फार तापून एखादी जागा कडक झाली असेल तर लेथनंतरही थरथर परत येते. अशी डिस्क मग जोडीने बदललेली बरी. नवे पॅड टाकल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा बेताचा ब्रेक लावावा, पूर्ण थांबू नये, नंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी पळवून गार करावी.

घाट उतरून आल्याआल्या चाकांवर गार पाण्याचा फवारा मारू नये. घाटाखाली सपाट जागी थांबायचं झालं तर गाडी गियरमध्ये टाकून, चाकाला दगड लावून पाय काढून घ्यावा.

पेडल खोल जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा एकच चाक जळका वास देत असेल तर तो थरथरीचा विषय राहत नाही. ब्रेक ऑइल उकळलेलं किंवा कॅलिपर अडकलेला असू शकतो. अशी गाडी घाटात घालू नये, मेस्त्रीलाच जागेवर बोलवावं.