सूत्र एकच, उत्तरे दोन

ग्रह सूर्यापासून किती दूर आहे हे कळले, तर त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला किती काळ लागतो हे सांगता येते. पृथ्वीचे अंतर १ आणि तिचे वर्ष १ धरले, तर गुरूचे अंतर ५.२० आणि त्याची फेरी ११.८६ वर्षांची. ५.२० चा घन १४०.६ येतो आणि ११.८६ चा वर्ग १४०.७. बाकीच्या ग्रहांनाही हाच मेळ लागू पडतो. योहानेस केपलरला हा नियम १६१८ मध्ये सापडला. त्यामागे आकड्यांच्या तक्त्यांशी केलेली कित्येक वर्षांची झटापट होती. आकड्यांच्या ढिगातून सूत्र हुडकून काढण्याचे हेच काम आता संगणकाकडून करून घेतात आणि त्या तंत्राला सिम्बॉलिक रिग्रेशन म्हणतात. या तंत्रातून निघालेले सूत्र कागदावर कितीही स्वच्छ दिसले, तरी ते ज्या अंकगणितात पारखले गेले त्याच्याशी बांधलेले असते. पारख एका अचूकतेत आणि वापर दुसऱ्या अचूकतेत झाला, की सूत्राचे अक्षरही न बदलता उत्तर बदलू शकते. म्हणून माझे म्हणणे असे, की यंत्राने शोधलेल्या सूत्रासोबत त्याची अचूकताही सांगितली पाहिजे. ती न सांगता मांडलेले सूत्र अर्धवट समजावे.

आधी हे शोधकाम चालते कसे ते पाहू. प्रोग्रॅमच्या हाती बेरीज, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, साइन अशी थोडी हत्यारे दिली जातात. ती जोडून तो हजारो सूत्रे रचतो, प्रत्येक सूत्र दिलेल्या आकड्यांवर चालवून पाहतो आणि चूक किती ते मोजतो. वाईट सूत्रे बाद होतात. बऱ्या सूत्रांचे तुकडे एकमेकांत मिसळून पुढची पिढी तयार होते. जॉन कोझा यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीचा पाया विस्ताराने मांडला. २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल श्मिट आणि हॉड लिप्सन यांनी दुहेरी लंबकासारख्या यंत्रणांच्या हालचालींच्या नोंदींतून भौतिकशास्त्राचे नियम काढून दाखवले. माइल्स क्रॅनमर यांचे पायएसआर हे मोफत सॉफ्टवेअर आज अनेक संशोधक वापरतात. त्याच्या मदतीने सूर्यमालेतल्या ३० वर्षांच्या हालचालींवरून न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम पुन्हा गवसला. या तंत्राची ओढ वाटते ती उघड कारणासाठी. न्यूरल नेटवर्कच्या पोटात लाखो आकडे असतात आणि ते माणसाला वाचता येत नाहीत. सूत्र मात्र वाचता येते, पुस्तकात छापता येते, दुसऱ्याला देता येते.

अडचण या देण्याघेण्यातच आहे. संगणक दशांश अपूर्णांक ठराविक जागेत साठवतो. १९८५ मध्ये त्याचे मानक ठरले आणि त्यातले दोन आकार सर्वत्र रूढ झाले: ३२ बिटांचा आणि ६४ बिटांचा. पहिल्यात साधारण सात अंक भरवशाचे असतात, दुसऱ्यात पंधरा-सोळा. संगणकाची मोजणी द्विमान पद्धतीची, त्यामुळे ०.१ ही साधी संख्याही त्याला तंतोतंत मांडता येत नाही. ३२ बिटांत ती ०.१०००००००१४९ च्या आसपास बसते. पूर्णांकांचीही गत अशीच. १,६७,७७,२१६ ही संख्या ३२ बिटांत नीट बसते, पण तिच्यात १ मिळवून येणारी संख्या तिथे नाहीच. मोठेपणालाही मर्यादा आहे. ३४ वर ३७ शून्ये दिली की साधारण ३२ बिटांची सीमा येते आणि त्यापलीकडच्या प्रत्येक संख्येला संगणक सरळ 'अनंत' म्हणतो. ६४ बिटांची सीमा तीनशेहून जास्त अंकांच्या संख्येपर्यंत जाते.

आता एका सूत्राचा प्रवास पाहा. पायएसआर वापरायचे पायथॉन भाषेतून, पण त्याचा खरा शोध ज्युलिया भाषेत चालतो आणि वेगळे सांगितले नाही तर ३२ बिटांत चालतो. सापडलेले सूत्र पुढे नमपाय या पायथॉनच्या गणिती संग्रहात चालवले, तर तिथली प्रथा ६४ बिटांची. पायटॉर्च किंवा जॅक्स या मशीन लर्निंगच्या साधनांत नेले, तर पुन्हा ३२. संशोधकाने स्वतःची एखादी क्रिया लिहून दिली आणि तिच्यात १.५ असा स्थिरांक घातला, तर ज्युलिया तो ६४ बिटांचा धरते आणि ३२ बिटांच्या हिशेबात हळूच दुसरा आकार शिरतो. म्हणूनच असे स्थिरांक ३२ बिटांच्या खास चिन्हासह लिहावेत, अशी सूचना या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात दिलेली आहे. सूत्र पडद्यावर दाखवताना स्थिरांकांचे थोडेच अंक दाखवले जातात. तेच उतरवून शोधनिबंधात घातले, की आणखी एक फरक पडतो. माल सराफाच्या काट्यावर तोलून घेतला आणि वखारीच्या काट्यावर तोलून विकला, तर दोन्ही काटे आपापल्या जागी चोख असूनही हिशेब जुळत नाही.

छापलेल्या आणि साठवलेल्या अंकांमधली ही तफावत किती महागात पडते, हे १९६१ मध्येच दिसले होते. एमआयटीतले हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी आपली गणना मधूनच पुन्हा सुरू करण्यासाठी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा संगणकाला दिला. यंत्राच्या स्मृतीत तो ०.५०६१२७ होता, पण कागदावर तीनच अंक छापले जात. समीकरणे तीच, यंत्र तेच. तरीही थोड्याच काळात दोन्ही हवामाने एकमेकांपासून पार दुरावली. केऑसच्या शास्त्राला यातूनच चालना मिळाली. प्रत्येक सूत्र इतके हळवे नसते हे खरे. पण सूत्र हळवे आहे की नाही, हे त्याच्याकडे नुसते पाहून कळत नाही.

केपलरच्याच नियमावर हे तपासून पाहू. समजा अंतरे मीटरमध्ये आणि फेरीचा काळ सेकंदांत दिला आणि यंत्राला नियम शोधायला सांगितले. बरोबर सूत्र दोन प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात अंतराचा घन करायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि एका स्थिरांकाने गुणायचे. दुसऱ्यात अंतराला त्याच्याच वर्गमूळाने गुणायचे आणि मग स्थिरांकाने. शाळेतले बीजगणित दोन्हींना एकच मानते. ३२ बिटांचे यंत्र मानत नाही. नेपच्यूनचे अंतर सुमारे साडेचार लाख कोटी मीटर आहे आणि त्याचा घन ३२ बिटांत जेमतेम मावतो. प्लूटोचाही मावतो. पण २००५ मध्ये उजेडात आलेला एरिस हा बटुग्रह पृथ्वीच्या सरासरी सुमारे ६८ पट अंतरावर आहे. त्या अंतराचा घन सीमा ओलांडतो, यंत्र उत्तर 'अनंत' देते आणि एका नोंदीपायी सगळे सूत्र बाद ठरते. दुसऱ्या प्रकाराने लिहिलेले तेच सूत्र मात्र एरिसची सुमारे ५६० वर्षांची फेरी बिनचूक देते. म्हणजे निसर्गाचा खरा नियम हाती येऊनही केवळ तो कसा लिहिला यावर तो टिकेल की फेकला जाईल हे ठरते. उलटही घडते. शोधात टिकलेल्या सूत्राचे रूप नंतर कुणी बीजगणिताने बदलले, तर ते वापरणाऱ्याच्या हातात कोसळू शकते.

दुसरा धोका जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीचा. १ मधून एखाद्या छोट्या कोनाचा कोसाइन वजा करा आणि त्या कोनाच्या वर्गाने भागा. कोन जितका लहान, तितके उत्तर ०.५ च्या जवळ यायला हवे. कोन ०.०००१ रेडियन घेतला, तर ६४ बिटांत ०.५ येते. ३२ बिटांत मात्र कोसाइन नेमका १ धरला जातो, वजाबाकी शून्य होते आणि उत्तरही शून्य. हेच सूत्र अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग वापरून लिहिले, तर दोन्हीकडे ०.५. याच अडचणीची आणखी एक बाजू आहे. नोंदी अगदी स्वच्छ असतील, तर बरोबर सूत्राची चूक सातव्या अंकाच्या खाली जाते आणि उरतो तो केवळ पूर्णांकनाचा कचरा. तिथून पुढे यंत्राला खरे सूत्र आणि त्याला दोन फालतू पदे चिकटवलेले सूत्र यांतला भेद नीट दिसत नाही. गुण अगदी किंचित सुधारले म्हणून यंत्र ती फालतू पदेही सांभाळून ठेवू शकते. वाचणाऱ्याला त्या पदांत नवे भौतिकशास्त्र दिसण्याची शक्यता उरते आणि ही शक्यता मला सर्वांत घातक वाटते.

यावर पहिला आक्षेप असा, की मोजमापे मुळातच तीन-चार अंकांपर्यंत भरवशाची असतात, मग सात अंक काय कमी आहेत? शेवटच्या उत्तरासाठी ते भरपूरच आहेत. पण अचूकता खर्च होते ती मधल्या पायऱ्यांवर. कोसाइनच्या उदाहरणात नोंद दशांशचिन्हानंतर चारच अंकांची होती आणि उत्तरही दोन-तीन अंकांत हवे होते. सगळे अंक गेले ते मधल्या एका वजाबाकीत. एरिसच्या उदाहरणात तर अंकांचा प्रश्नच नव्हता, संख्येच्या आवाक्याचा होता. मोजमाप कच्चे आहे, हे हिशेबाची पायरी गाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मग सगळीकडे ६४ बिटच का वापरू नयेत? जिथे परवडते तिथे जरूर वापरावेत. पण शोधात लक्षावधी सूत्रे तपासायची असतात. ६४ बिटांना दुप्पट स्मृती लागते आणि घरगुती वापराची बरीच ग्राफिक्स कार्डे ६४ बिटांत कित्येक पटींनी मंद चालतात. शिवाय ६४ बिटांनाही तळ आहे. कोन एक रेडियनच्या दहा कोटीव्या भागाइतका केला, की तेच कोसाइनचे सूत्र तिथेही शून्य देते. आणि खरा धोका कमी अचूकतेपेक्षा बेमेळ अचूकतेत असतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या दहरानमध्ये अमेरिकेची पॅट्रिअट प्रणाली इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मारले गेले. प्रणालीचे घड्याळ सेकंदाच्या दशांशात मोजत होते आणि ०.१ ही संख्या २४ बिटांत छाटली जात होती. सलग १०० तासांनंतर सुमारे ०.३४ सेकंदांची चूक साचली होती. गणिती रॉबर्ट स्कील यांनी १९९२ मध्ये यातले मर्म दाखवून दिले. वेळेचे रूपांतर सुधारणारा नवा कोड काही ठिकाणी बसवला होता, सगळीकडे नाही. प्रणाली दोन वेळांची वजाबाकी करत होती; त्या दोन्ही वेळा एकाच चुकीच्या रीतीने काढल्या असत्या, तर वजाबाकीत चूक जवळपास निघून गेली असती. अर्धवट सुधारणेने ती उघडी पडली. म्हणून केवळ बिट वाढवून भागत नाही. शोधापासून वापरापर्यंत कुठे कोणते बिट आहेत, याची नोंद हवी.

तिसरा आक्षेप माणसावर विश्वास टाकणारा आहे. यंत्र काहीही देवो, शेवटी शास्त्रज्ञ डोळसपणे पाहतोच, असे म्हणतात. पण पाहणाऱ्याला चुकीची मर्यादा ठाऊक असेल, तरच त्याच्या पाहण्याला धार असते. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केपलरने मंगळाची वर्तुळाकार कक्षा टाकून दिली, कारण तिचे गणित वेधांपासून ८ कलांनी ढळत होते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, एरवी दुर्लक्ष करावे इतका छोटा. पण हे वेध घेणाऱ्या ट्युको ब्राहेच्या नोंदींत एवढी चूक असूच शकत नाही, हे केपलर जाणून होता. आकड्यांच्या अचूकतेची ही माहिती हाती नसती, तर ८ कला वेधातली चूक म्हणून सोडून दिल्या गेल्या असत्या आणि लंबवर्तुळापर्यंतचा रस्ता तिथेच बंद झाला असता. आजच्या संशोधकाला यंत्राकडून सूत्र मिळते, पण त्याच्या गणनेची मर्यादा अनेकदा सेटिंगच्या एखाद्या ओळीत पडून राहते. दिसलेला फरक खरा की पूर्णांकनाचा, हे तो कशाच्या आधारावर ठरवणार?

उपाय महाग नाहीत. शोधाआधी एकके अशी निवडावीत की संख्या एकच्या आसपास राहतील. एरिसचे अंतर पृथ्वीच्या पटीत दिले असते, तर वरची अडचण आलीच नसती. शोध ३२ बिटांत करावा, पण शेवटच्या यादीतली मोजकी सूत्रे ६४ बिटांत पुन्हा तपासावीत आणि क्रम बदलला तर ते स्पष्ट सांगावे. स्थिरांक पूर्ण अंकांसह द्यावेत आणि सूत्र ज्या रूपात तपासले तेही जपावे. सूत्र दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्यावर मूळच्याच नोंदींवर चालवून उत्तरे जुळतात का, ते पाहावे. एवढे काम प्रोग्रॅम आपोआपही करू शकतो आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ते वापरणाऱ्याच्या आठवणीवर सोडू नये. शोधनिबंध तपासणाऱ्यांनीही सूत्राची चूक विचारताना ती किती बिटांत मोजली, हे विचारायला हवे. रूप बदलले, एकक बदलले, यंत्र बदलले तरी जे सूत्र तेच उत्तर देते, त्याच्याबद्दल निसर्गाचा नियम म्हणून बोलता येईल. बाकीच्या सूत्रांना तोवर उमेदवार म्हणणेच प्रामाणिकपणाचे आहे.