रॉकचा इतिहास वाचनालयात का सांगायचा?

अमेरिकेतल्या छोट्या शहरांच्या सार्वजनिक वाचनालयांत संध्याकाळचा एक कार्यक्रम आता रुळला आहे. लॅपटॉप, प्रोजेक्टर, स्पीकर आणि कधी कधी एखादी गिटार घेऊन वक्ता येतो. तासभर रॉक संगीताच्या इतिहासावर बोलतो, जुन्या तबकड्यांचे तुकडे ऐकवतो, प्रश्नांना उत्तरं देतो आणि सामान आवरून पुढच्या गावाला निघतो. विषय कधी एल्व्हिस प्रेस्लीचा असतो, कधी बीटल्सचा, कधी वुडस्टॉकचा. श्रोत्यांना तिकीट नसतं. वक्त्याचं मानधन वाचनालयाच्या कार्यक्रम-निधीतून निघतं, किंवा ‘फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी’ या नावाने ठिकठिकाणी चालणारी नागरिकांची मंडळं दान आलेली जुनी पुस्तकं विकून ते उभं करतात. काही राज्यांतल्या मानव्यविद्या परिषदा व्याख्यात्यांची यादीच ठेवतात आणि खर्चाचा वाटा उचलतात. या फिरत्या व्याख्यानांकडे निवृत्त लोकांचा विरंगुळा म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मला मात्र वाटतं, की रॉकचा इतिहास सांगायला सार्वजनिक वाचनालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही. हा इतिहास घडवण्यात एका ग्रंथालयाचा थेट हात आहे, आणि त्यातले वाद जिथे पुरावा कोणालाही फुकट तपासता येतो तिथेच नीट मांडता येतात.

व्याख्यानं देत गावोगाव फिरणं अमेरिकेला नवं नाही. जोसाया होलब्रुकने 1826 साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या ‘लायसियम’ चळवळीने इमर्सनसारख्या विचारवंताला आणि गुलामीतून सुटून आलेल्या फ्रेडरिक डग्लसला गावागावांतल्या श्रोत्यांपर्यंत नेलं. पुढे अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून एकट्या अमेरिकेत सोळाशेहून अधिक वाचनालयांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या अनेकींत सभागृहही होतं. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना या प्रथेमागची भूक वेगळी समजावून सांगायला नको.

आता ग्रंथालयाचा हात कुठे लागला ते पाहू. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1928 मध्ये अमेरिकी लोकगीतांचा संग्रह सुरू केला. त्या संग्रहासाठी जॉन लोमॅक्स आणि त्याचा अठरा वर्षांचा मुलगा ॲलन 1933 च्या उन्हाळ्यात मोटारीत ध्वनिमुद्रणाचं अवजड यंत्र घालून दक्षिणेतले तुरुंग हिंडू लागले. बाहेरच्या जगात विरत चाललेली कृष्णवर्णीयांची श्रमगीतं तिथे टिकून असतील, हा त्यांचा अंदाज होता. लुइझियानाच्या अंगोला तुरुंगात त्यांना हडी लेडबेटर, म्हणजे पुढचा ‘लेड बेली’, भेटला. सुटकेनंतर 1934 मध्ये तो लोमॅक्सबरोबर अर्कान्सासच्या तुरुंगांत गेला आणि तिथल्या कैद्यांच्या तोंडून त्याने ‘रॉक आयलंड लाइन’ हे रेल्वेवरचं गाणं ऐकलं. त्याने ते आपल्या ढंगात बसवलं. वीस वर्षांनी, 1954 मध्ये, लंडनमध्ये लॉनी डॉनेगनने तेच गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि 1956 मध्ये ते ब्रिटनभर गाजलं. एक स्वस्त गिटार, कपडे धुण्याचा खरखरीत पत्रा आणि चहाच्या खोक्याला काठी-दोरी लावून केलेला बास एवढ्या सामग्रीवर उभी राहणारी ‘स्किफल’ मंडळं गल्लोगल्ली निघाली. लिव्हरपूलमध्ये शाळकरी जॉन लेननने काढलेलं ‘क्वारीमेन’ हे त्यांतलंच एक. जुलै 1957 मध्ये त्याची पॉल मॅकार्टनीशी भेट झाली ती याच मंडळाच्या एका कार्यक्रमात. तुरुंगातले कैदी, सरकारी ग्रंथालय, लंडनचा गायक आणि लिव्हरपूलची पोरं यांची ही साखळी कुठल्याही ध्वनिमुद्रण कंपनीने आखलेली नव्हती. बाजारात ज्याला भाव नव्हता असं काहीतरी जपून ठेवणं एका ग्रंथालयाला आपलं काम वाटलं, म्हणून पुढचं घडू शकलं.

दुसरी साखळी मिसिसिपीची. ऑगस्ट 1941 मध्ये ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचा संगीतज्ञ जॉन वर्क क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर गेले. तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या मकिन्ली मॉर्गनफील्ड नावाच्या तरुणाची गाणी त्यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मुद्रित केली. आपला आवाज तबकडीवर ऐकल्यावर आपणही गायक होऊ शकतो असा विश्वास त्याला आला. 1943 मध्ये तो शिकागोला गेला आणि गोंगाटाच्या क्लबांत ऐकू यावं म्हणून त्याने विजेची गिटार धरली. हाच मडी वॉटर्स. त्याच्या 1950 च्या एका गाण्यावरून 1962 साली लंडनच्या काही तरुणांनी आपल्या बँडला ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव दिलं. हा क्रम एका तासात, मूळ ध्वनिमुद्रणं एकापुढे एक ऐकवत सांगता येतो. सांगितल्यानंतर श्रोत्याला वॉशिंग्टनचं तेच ध्वनिमुद्रण कसं शोधायचं हे दाखवायला ग्रंथपाल तिथेच हजर असतो. स्टेडियम ही सोय देऊ शकत नाही.

रॉकच्या इतिहासात श्रेयाचे झगडे इतके आहेत, की तो विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नये. ‘हाउंड डॉग’ म्हटलं की जगाला एल्व्हिसचं 1956 चं ध्वनिमुद्रण आठवतं. पण बिग ममा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने ते 1952 मध्येच गायलं होतं आणि 1953 मध्ये ते गाजलंही होतं. इथे थांबलं तर ‘गोऱ्याने काळ्याचं चोरलं’ अशी सोपी गोष्ट तयार होते. पुढे पाहिलं तर कळतं, की गाणं लिहिणारे जेरी लीबर आणि माइक स्टोलर हे एकोणीस वर्षांचे दोन ज्यू तरुण होते आणि त्यांनी ते थॉर्नटनसाठीच रचलं होतं. म्हणजे अन्याय झाला तो प्रसिद्धी आणि पैसा यांच्या वाटपात. चक बेरीच्या 1955 च्या ‘मेबेलीन’ची कथा आणखी उघडी आहे. रेडिओवर रॉक अँड रोलचा गाजावाजा करणारा ॲलन फ्रीड याचं नाव त्या गाण्याचा सहरचनाकार म्हणून लागलं आणि ते काढून टाकायला 1986 उजाडलं. अशा नोंदी तपासायच्या तर तबकडीवरची मूळ चिठ्ठी, स्वामित्व हक्काची नोंद, त्या काळची वृत्तपत्रं लागतात. ही सगळी ग्रंथालयाची सामग्री आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळता येणार नाही. ग्रंथालय तरी कुठे निष्पक्ष होतं? ‘गुडनाइट आयरीन’ या गाण्यावर लेड बेलीबरोबर जॉन लोमॅक्सचंही नाव लागलं. डिसेंबर 1949 मध्ये लेड बेली वारला आणि पुढच्याच वर्षी वीव्हर्स या चमूने गायलेलं तेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. स्टोव्हॉल मळ्यावरच्या मोहिमेतला जॉन वर्कचा वाटा अनेक दशकं झाकलेला राहिला. त्याचं आणि त्याच्या सहकाऱ्यांचं लेखन पुस्तकरूपाने आलं ते 2005 मध्ये. ज्या मिसिसिपीने जगाला ब्लूज दिलं, तिथल्या जॅक्सन शहरात 27 मार्च 1961 रोजी टूगालू कॉलेजचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या सार्वजनिक वाचनालयात शिरले, पुस्तकं घेऊन वाचत बसले, आणि त्यांना अटक झाली. रॉकची पायाभरणी ज्या समाजाने केली त्याच्या मुलांना वाचनालयात बसायची मुभा नव्हती, हे सत्य आहे. माझ्या मते हे सत्यच इथे व्याख्यान करण्याचं सर्वांत बळकट कारण आहे. जी संस्था अन्यायात सहभागी होती तिच्याच छताखाली, तिच्याच नोंदी उघडून तो सांगितला गेला पाहिजे. क्लार्क्सडेलच्या कार्नेगी वाचनालयाने 1979 मध्ये डेल्टा ब्लूज म्युझियम स्थापन केलं. त्याच्यासाठी निधी जमवायला झेडझेड टॉप या रॉक बँडने मदत केली. मडी वॉटर्स ज्या लाकडी घरात राहत असे त्याच्या एका फळीपासून त्यांनी गिटार घडवून घेतली आणि ती निधी-संकलनासाठी मिरवली.

‘हे सगळं इंटरनेटवर आहेच की,’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. गाणी आहेत, हे खरं. पण स्ट्रीमिंगच्या पडद्यावर अनेकदा मूळ सालाऐवजी नव्या आवृत्तीचं साल दिसतं, वादकांची नावं गळलेली असतात आणि कुठलं आधी, कुठलं नंतर हे कळायला मार्ग नसतो. इतिहास क्रमाने उभा राहतो आणि क्रम कोणीतरी जबाबदारीने लावावा लागतो. यातूनच पुढचा प्रश्न निघतो: हे फिरते वक्ते थोडेच प्राध्यापक असतात? दंतकथा पसरवण्याचा मोह त्यांना होतोच. रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकून घेतली, ही कथा रंगवून सांगितली की सभागृह खूश होतं. खरी माहिती साधी आहे: 1936 आणि 1937 मध्ये टेक्सासात मुद्रित झालेली 29 गाणी आणि 1938 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू. सैतानाशी सौद्याची कथा टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच ब्लूज गायकाबद्दलही त्याच्या भावाने सांगून ठेवली आहे. वक्त्याने कथा जरूर सांगावी आणि ती कुठून आली हेही सांगावं. न सांगितल्यास चार पावलांवरच्या कपाटात जॉन्सनची चरित्रं आहेत, आणि एखादा श्रोता पुढच्या वेळी ती वाचून येईल. वक्त्यावर असा वचक मंगल कार्यालयात किंवा बारमध्ये राहत नाही.

वाचनालयात शांतता हवी, तिथे गाणी कशाला, असाही एक आक्षेप असतो; तो मला फारसा वजनदार वाटत नाही. इंग्लंडमध्ये लँकेस्टरच्या वाचनालयातून 2005 साली ‘गेट इट लाउड इन लायब्ररीज’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात कपाटांच्या मधोमध प्रत्यक्ष मैफली होतात, आणि जगप्रसिद्ध होण्याआधीची अडेल अशा वाचनालयात गायलेली आहे.

पैशाचा प्रश्न खरा आहे. वाचनालयांचे निधी आकसत असताना पुस्तकं घ्यायची की व्याख्यानं ठेवायची, असं कोणी विचारलं तर मी आधी पुस्तकं म्हणेन. पण एका वक्त्याच्या मानधनात फार पुस्तकं येत नाहीत, आणि आहेत ती पुस्तकं वाचली जावीत यासाठी व्याख्यान लागतं. म्हणून वक्ता निवडताना त्याचा आवाज किंवा गिटार पाहण्याआधी वाचनालयाने त्याच्याकडून पुस्तकांची आणि ध्वनिमुद्रणांची यादी मागावी, आणि त्यातलं जे असेल ते कार्यक्रमाच्या दिवशी टेबलावर मांडावं. हे आपल्याकडेही करण्यासारखं आहे, कारण या इतिहासाचे काही धागे आपल्या मातीत आहेत. पुढे ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी झालेला फारुख बुलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ या शालेय बँडमध्ये पियानो वाजवू लागला. जॉर्ज हॅरिसनने जानेवारी 1968 मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ‘वंडरवॉल म्युझिक’चा काही भाग आणि बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीत मुद्रित केलं. पाचगणीतल्या किंवा मुंबईतल्या वाचनालयात रॉकवर बोलणाऱ्याने मेम्फिसपासून सुरुवात करण्याची गरज नाही; त्याने शाळेच्या त्या बँडपासून आणि स्टुडिओत बसलेल्या त्या वादकांच्या नावांपासून सुरुवात करावी.