मातीचा रंग आणि सोळा आणे

उंब्रज येथे तारळी जेथे कृष्णेला मिळते, तेथून डोंगराच्या अंगाने माळाकडे चालत जाणाऱ्यास, डोळे उघडे ठेवले तर, ओली असता काळीभोर आणि वाळली की राखीकडे झुकणारी काठची माती, तिच्यावर काळपट तपकिरी शेते, मग तांबूस पट्टी आणि शेवटी कुसळांचा भुरकट मुरूम, असे उतरते रंग एका वाटेवर भेटतात.

इंग्रजीत असल्या मंद, मिश्र रंगांची शास्त्रशुद्ध नामावली पॅट्रिक साइम या स्कॉटिश चित्रकाराने, वर्नर या खनिजशास्त्रज्ञाच्या पद्धतीवरून, १८१४ साली सिद्ध केली. रंगापुढे प्राणी, वनस्पती वा खनिज यांचा दाखला देणारे ते पुस्तक डार्विनने ‘बीगल’ जहाजावर सोबत नेले होते. मराठीनेही तपकीर, वीट, आमसूल, अंजीर यांच्याकडून रंग उसने घेतले. पण तिची खरी करामत प्रत्ययांत आहे. ‘तांबूस’, ‘पिवळसर’ म्हणताना रंग नुसता सौम्य होतो. ‘मळकट’, ‘मातकट’ म्हणताच बोलणाऱ्याचे नाक मुरडलेले दिसते. (लुगड्याच्या दुकानात गिऱ्हाईक ‘मातकट’ म्हणाले, की शहाणा दुकानदार घडी मिटून टाकतो.)

जमिनीच्या बाबतीत मात्र या छटांना रोख दाम होते. शेतसारा ठरवण्यासाठी गोल्डस्मिड, विंगेट प्रभृती इंग्रज अंमलदारांनी १८४७ च्या संयुक्त अहवालात मुक्रर केलेल्या प्रतबंदीत मातीच्या तीन जाती होत्या: काळीपासून गडद तपकिरीपर्यंतची बारीक पोताची पहिली, बहुधा तांबडी व जाडसर ती दुसरी, आणि फिकट तपकिरी ते करडी, खडेमिश्रित ती तिसरी. रंग व पोत यांस खोलीची जोड देऊन नऊ प्रती ठरत. अव्वल प्रत सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची. चुनखड, रेती, उतार असे दोष आढळले की प्रत खाली येई. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाल्यावर हीच पद्धती कृष्णाकाठी आली, आणि करडेपणा सरकारी दफ्तरात आण्यांनी मोजला जाऊ लागला.

आजचे मृदाशास्त्रज्ञ मुन्सेलच्या रंगपत्रिकेशी ढेकूळ ताडून पाहतात व ओल्या आणि कोरड्या मातीचा रंग निरनिराळा नोंदतात, हे योग्यच आहे. मधल्या अवस्थेचे, म्हणजे पावसानंतर रानाचा वरचा थर काळ्याचा किंचित उजळू लागतो त्या वेळेचे, नाव मात्र कुणब्यापाशी आहे. ‘वापसा आला’ एवढे तो म्हणतो, आणि कुळव जुंपतो.