शिकाऊ विमान : घरचं की बाहेरचं?

फायटर विमानांवरून हॉस्टेलमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद चालतात. राफेल भारी की सुखोई, तेजसला एवढा उशीर का झाला, वगैरे वगैरे. पण फायटर चालवणारा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या विमानात बसतो, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. हा मुलगा (किंवा मुलगी) साधारण आपल्याच वयाचा असतो. आपण व्हायव्हात गडबडलो तर एटीकेटी आहे, त्याला तशी सोय नाही. म्हणून ट्रेनर विमान देशात बनवावं की बाहेरून आणावं, हा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो. (माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे इंग्रजी शब्द जास्त झाले तर मराठीच्या सरांनी सांभाळून घ्यावं!)

१९८४ पासून आपल्या हवाई दलाचे कॅडेट एचएएलच्या एचपीटी-३२ 'दीपक' वर शिकत. पिस्टन इंजिन, पोटात न जाणारी चाकं, इजेक्शन सीट नाही. इंजिन हवेत बंद पडण्याची त्याची खोड काही केल्या जाईना. १७ अपघातांत १९ वैमानिक गेले. ३१ जुलै २००९ च्या अपघातानंतर सगळी दीपक विमानं जमिनीवर बसवली गेली. तेव्हा 'देशी' म्हटलं की सगळं चांगलं, असं समजणाऱ्यांनी आधी हा आकडा वाचावा.

आता मेस अचानक बंद पडली तर आपण काय करतो? घरच्या जेवणाचे गुण आठवत बसत नाही, बाहेरून डबा लावतो. हवाई दलाने तेच केलं. मधली काही वर्षं नवशिक्यांना एकदम 'किरण' या जेटवर बसवावं लागलं. मग मे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीशी ७५ पीसी-७ मार्क टू विमानांचा करार झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पहिलं विमान आलं आणि त्याच वर्षी जुलैत हैदराबादजवळच्या दुंडिगलला कॅडेट त्यावर शिकायलाही लागले. चौदा महिने! एवढ्या वेळात आमचा मायक्रोप्रोसेसरचा मिनी-प्रोजेक्टसुद्धा नीट उभा राहत नाही.

इकडे एचएएलचं एचटीटी-४० बघा. हवाई दलाला ते महाग वाटत होतं, सुरुवातीला तर नकोच होतं. एचएएलने स्वतःचे पैसे घालून काम चालू ठेवलं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर त्याला पाठबळ मिळालं. ३१ मे २०१६ रोजी ते पहिल्यांदा उडालं, पण ७० विमानांची ऑर्डर यायला मार्च २०२३ उजाडला. आणि उत्पादनातलं पहिलं विमान उडालं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये.

एवढा वेळ कुठे जातो? बराचसा 'स्पिन' मध्ये. ट्रेनरची खरी परीक्षा ही. वेग कमी होऊन एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त स्टॉल झाला, की विमान स्वतःभोवती गरगर फिरत खाली येतं. शिकाऊ मुलाने थ्रॉटल मागे घ्यायचा, फिरण्याच्या उलट बाजूला रडर दाबायचा आणि स्टिक पुढे ढकलायची. विमानाने ऐकलं पाहिजे, एवढंच! पण अशा वेळी हवा खालून येते आणि आडवी शेपटी तिला अडवते, रडरपर्यंत पुरेशी हवा पोचतच नाही. मग तुम्ही कितीही जोरात दाबा, उपयोग शून्य. एचएएलचंच दुसरं ट्रेनर, एचजेटी-३६, मार्च २००३ मध्ये उडालं आणि नेमकं इथे अडकलं. शेपटी आणि रडर बदलून, दोन्ही बाजूंना सहा-सहा गिरक्या घेऊन ते नीट बाहेर आलं, तेव्हा जानेवारी २०२२ होता. एकोणीस वर्षं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग बाहेरूनच घ्या की! पण शेपटी कुठे आणि किती बदलायची हे आता आपल्या इंजिनियरना कळलंय, ते विकत घेतलेल्या विमानातून कळलं नसतं. शिवाय बाहेरच्या डब्याचाही भरवसा नसतो. २०१९ मध्ये कराराच्या वादातून संरक्षण मंत्रालयाने पिलाटसशी व्यवहार वर्षभरासाठी थांबवला. आणखी ३८ विमानं घेण्याचा विचार होता, तो तसाच राहिला.

पैशाचं बोलायचं तर पिलाटसचा करार साधारण २,९०० कोटींचा आणि एचटीटी-४० चा ६,८२८ कोटींचा. मधल्या अकरा वर्षांची महागाई आणि रुपयाची घसरण धरली तरी घरचं स्वस्त पडलं असं मी म्हणणार नाही. आणि 'घरचं' तरी किती? इंजिन अमेरिकेच्या हनीवेलचं, देशी हिस्सा सुरुवातीला सुमारे ५६ टक्के.

तरी माझं मत एचटीटी-४० लाच. फक्त माझी तक्रार वेगळी आहे. दीपक १९७७ मध्ये पहिल्यांदा उडालं होतं. त्याच्या जागी काय, हा प्रश्न ते बंद पडायच्या दहा वर्षं आधी घ्यायला हवा होता. घरच्या विमानाला तेवढा वेळ लागतोच, तो आपण देत नाही आणि मग घाईत दुकानात जातो.

जाता जाता : ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळ ओझरला एचटीटी-४० ची दुसरी प्रॉडक्शन लाइन सुरू झाली. आपल्या मेकॅनिकलवाल्यांची इंडस्ट्रियल व्हिजिट दरवर्षी त्याच शिरवाडे-ओझर रस्त्याने जाते आणि बस फक्त वडापावसाठी थांबते. यंदा टीपीओ सरांनी तिथल्या परवानगीसाठी अर्ज करून बघावा. आत सोडलंच, तर आधी शेपटी बघा.