पाय खरंच लांब झालाय?

खुबा बदलल्यावर वॉकर धरून चार पावलं टाकली की अनेक पेशंट तक्रार करतात, ‘डॉक्टर, हा पाय लांब झालाय.’ बऱ्याचदा हाडांच्या लांबीत फारसा फरक नसतो. झिजेमुळे आखूड पडलेला पाय पूर्ववत झाला, की तोच परका वाटू लागतो. शिवाय खुब्याभोवतीचे आखडलेले स्नायू कंबर त्या बाजूला खाली ओढतात. व्यायामाने ते सैल झाले की ३ ते ६ महिन्यांत ही जाणीव सहसा ओसरते.

खरं-खोटं टेपने कळतं. कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत मोजली ती खरी लांबी. बेंबीपासून मोजली ती भासणारी. पहिलं माप दोन्हीकडे सारखं आणि दुसरं वेगळं आलं, तर कंबर तिरकी आहे.

खरा फरकही पडतो. सांधा निखळू नये म्हणून सर्जन कधीकधी थोडी जास्तीची लांबी पत्करतात; १ सेंटिमीटरपर्यंत बहुतेकांचं निभावतं. पहिल्याच महिन्यात चपलेला जाड तळ लावून घेण्याची घाई मात्र नडते, कंबरेला तिरकं राहायची सवय लागते. पाऊल उचलता येत नसेल किंवा पाय बधिर पडत असेल, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावं.