लाल डोळा आणि कपाटातले उरलेले ड्रॉप्स

कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की त्याच्या डोळ्यात निळसर-राखाडी झाक दिसू लागते आणि घरात लगेच निदान होतं: मोतीबिंदू. बहुतेकदा तो नसतो. वयाबरोबर भिंगाचा गाभा दाट होतो, म्हणून ती झाक. कुत्र्याला दिसतं जवळजवळ पूर्वीइतकंच. खरा मोतीबिंदू पांढरट, अपारदर्शक असतो आणि तो तरुण कुत्र्यालाही होतो. काही जातींत तो आनुवंशिक असतो. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना तो वर्षभराच्या आसपास गाठतो. ड्रॉप्स घालून तो विरघळत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय.

पण सगळ्यात महागात पडणारी समजूत वेगळीच आहे. डोळा लाल झाला म्हणजे ‘डोळे आले’, आणि कपाटातले माणसांचे उरलेले ड्रॉप्स चालतील! त्या बाटलीत अनेकदा स्टेरॉइड असतं. मांजराचं नख किंवा गवताचं कुसळ लागून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम झाली असेल, तर स्टेरॉइडमुळे ती भरायची थांबते, खोल जाते आणि डोळा फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पशुवैद्य डोळ्याला फ्लोरेसिनची पट्टी लावतात, जखम असेल तिथे हिरवा रंग चढतो. तपासणी मिनिटा-दोन मिनिटांची.

तोच लाल डोळा काचबिंदूचाही असू शकतो. त्यात बाहुली मोठी राहते, कुत्रा डोकं घासतो, जेवण सोडतो. अशा वेळी ‘उद्या बघू’ नको, कारण दाब फार वाढला तर एक-दोन दिवसांत नजर कायमची जाते. मांजराच्या पिल्लांचे चिकटलेले डोळे बहुधा हर्पिसविषाणूचे. हा विषाणू माणसाला होत नाही, मात्र मांजराच्या अंगात जन्मभर दबा धरून बसतो आणि ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो.

घट्ट, चिवट चिपडं म्हणजे जंतुसंसर्ग असं धरून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घातलं जातं. कुत्र्यात अनेकदा मूळ दुखणं असतं कोरडा डोळा: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर उलटलेली असते. कागदाची पट्टी पापणीत मिनिटभर ठेवतात. ती 15 मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर ठीक, 10 च्या खाली असेल तर शंका घ्यायची. सायक्लोस्पोरिन लागतं, बहुधा आयुष्यभर.

याच्याशी जोडलेली चूक ‘चेरी आय’ची. बीगल, बुलडॉग, कॉकर स्पॅनियल यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळा येतो आणि मालक म्हणतात, गाठ आहे, कापून टाका. ती तिसऱ्या पापणीची ग्रंथी असते, एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त अश्रू तीच बनवते. पूर्वी कापतही असत. पुढे त्या कुत्र्यांचे डोळे कोरडे पडत. आता ती आत बसवून शिवतात.

मांजर दूधभातावर नीट वाढतं, हाही आपल्याकडचा लाडका समज. टॉरिन हे द्रव्य मांजराला अंगात पुरेसं बनवता येत नाही, ते मांस-मासळीतूनच यावं लागतं. ते कमी पडलं तर दृष्टिपटल झिजतं, हे 1975 साली सिद्ध झालं. झिजलेलं पटल परत येत नाही.

म्हातारी मांजर एका रात्रीत आंधळी होते, तेव्हा कारण बऱ्याचदा रक्तदाब असतो. मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा आजार मागे असतो, दाबाने दृष्टिपटल सुटून येतं. मापाचा पट्टा मांजराच्या पायाला किंवा शेपटीला बांधता येतो. इथे माणसांचंच औषध कामी येतं, ॲम्लोडिपिन. मात्र मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची. ते लवकर सुरू झालं तर काही मांजरांना पुन्हा दिसू लागतं.